एकच पाख पाहून गेले

पावसाळा लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद हटकून उगवतो. कुणी आडव्या झालेल्या सुपाऱ्यांचे फोटो टाकतं, कुणी सरकारी मदतीचे आकडे, आणि मग कोथरूडहून दादाचा मेसेज येतो. या वेळचा असा: "सरकारच्या तोंडाकडे किती दिवस बघणार? घरांचे विमे काढा. अमेरिकेत वादळ गेलं की आठवड्यात चेक दारात. सांग गं यांना."

सांगते.

8 जुलै 2024 ला बेरिल चक्रीवादळ इथे टेक्सासात, आमच्या ह्यूस्टनवरून गेलं. आमची वीज पाच दिवस नव्हती, पण ते सोडा, तो वेगळा लेख आहे. बाराव्या दिवशी अ‍ॅडजस्टर, म्हणजे विमा कंपनीचा नुकसान मोजणारा माणूस, आला. शिडी लावून छपराची मागची पाख, म्हणजे मागचा उतार, पाहिला, पुढची पाख ड्राइव्ह-वेत उभं राहून मान वर करून पाहिली. छपराखालच्या अ‍ॅटिकमध्ये चला म्हटलं तर म्हणाला, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. वीस मिनिटांत गेलासुद्धा. मग हिशेब आला: नुकसान 11,400 डॉलर, त्यातून डेप्रिसिएशन, म्हणजे छपराच्या वयाचा घसारा, 3,900; आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण सोसायचा वाटा, वादळासाठी घराच्या विम्याच्या दोन टक्के म्हणजे 7,000. हाती 500. त्या चेकवरही माझ्या नावाला घरकर्जाच्या बँकेचं नाव चिकटलेलं, म्हणजे त्यांच्या सहीशिवाय तो वटणार नाही. छप्पर घालणाऱ्या रूफरचा अंदाज होता 23,800.

दादा, हा तुझा दारातला चेक.

पहिल्या रागात मी फोनवर फोन केले. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट. शेजारच्या बाईंनी शहाणं केलं: फोन बंद, सगळं लेखी. मी अ‍ॅडजस्टरचा पूर्ण एस्टिमेट मागवला, एकेक ओळ असलेला. रूफरलाही तसाच, ओळीला ओळ भिडेल असा लिहायला लावला. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्यावर कळलं की भांडण दराचं नव्हतंच. दर जवळपास सारखे होते. त्यांच्या कागदावर पुढची पाख नव्हती, भिजलेल्या फळ्या नव्हत्या, छताला पडलेला डाग नव्हता. "तुम्ही कमी दिलेत" या वाक्याला काडीची किंमत नसते. "तुमच्या मोजमापात पुढची पाख नाही, सोबत फोटो, दुसरा माणूस पाठवा" याला असते. आमच्या जुन्या छपराची पावती सापडली, वादळाच्या आधीच्या उन्हाळ्यातले फोटो सापडले. ते जोडले.

मधल्या काळात एक पब्लिक अ‍ॅडजस्टर, म्हणजे घरमालकाच्या बाजूने कंपनीशी भांडणारा, मिळणाऱ्या पैशाच्या दहा टक्क्यांवर भांडायला तयार होता. टेक्सासात त्याला त्याहून जास्त घेताच येत नाही. एक रूफर डिडक्टिबल "सांभाळून घेतो" म्हणाला, म्हणजे माझा वाटा मला भरायला लावणार नाही. ते 2019 पासून इथे बेकायदा आहे. दोघांनाही नको म्हटलं. शेवटचं हत्यार म्हणून पॉलिसीतलं अप्रेझलचं कलम वाचून ठेवलं होतं: त्यांचा एक जाणकार, माझा एक, दोघांचं जमलं नाही तर पंच. ते लागलं नाही. राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार टाकली, ती फुकट असते, आणि दुसरा अ‍ॅडजस्टर आला. हा अ‍ॅटिकमध्ये गेला. नवा आकडा 19,600. त्यातून डेप्रिसिएशन 5,100 आणि तेच डिडक्टिबल कापून, आधीचे 500 वजा जाता आणखी 7,000 मिळाले, आणि काम पुरं झाल्याचं बिल दिल्यावर ते अडवून ठेवलेलं डेप्रिसिएशनही. सगळ्याला पाच महिने.

तरी कबूल करते, इथे मागितलेले सगळे कागद हातात आले की पंधरा कामकाजाच्या दिवसांत विमा कंपनीला हो की नाही लेखी सांगावं लागतं आणि नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. तलाठ्याने असं कारण कुणाला लिहून दिल्याचं मी ऐकलेलं नाही. (हे ग्रुपवर लिहिलं असतं तर "आली मोठी अमेरिकेची" असं झालं असतं. होऊ दे.)

पण दादाचं मूळ म्हणणं मला पटत नाही ते दुसऱ्याच कारणाने. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दिवेआगरच्या अलीकडच्या आमच्या गावात घरांपेक्षा वाड्या जास्त गेल्या. बागांना मदत जाहीर झाली हेक्टरी 50 हजार. कोकणात हेक्टर कुणाकडे आहे? आमची वाडी बारा गुंठे, म्हणजे साधारण सहा हजार. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. आता भारत गृह रक्षा आहे, एप्रिल 2021 पासून, चांगली पॉलिसी आहे, विम्याची रक्कम कमी धरली म्हणून दावा कापत नाहीत. नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरशी पटलं नाही तर विमा लोकपाल आहे, फुकट, वकिलाशिवाय, 50 लाखांपर्यंत. जरूर काढा. पण ती घराची आहे, सुपारीची नाही. माझी इथली पॉलिसीही वाऱ्याने पडलेल्या झाडाचे पैसे देत नाही. ते छपरावर पडलं तर उचलायचे देते. वाडीवर जगणाऱ्याला घराचा विमा काढ म्हणणं सोपं आहे, विशेषतः कोथरूडहून. फ्लॅटचा विमा आहे का, असं मी दादाला विचारलं. अंगठा आला.

आणि मी तरी कुठून बोलते आहे? गावच्या घरात माझाही हिस्सा आहे. विमा नव्हता, आजही नाही. निसर्गनंतर पंचनाम्याला काकू एकट्या उभ्या होत्या. विमानं बंद होती हे खरं, पण चालू असती तरी मी गेले असते असं छातीठोक सांगता येत नाही. इथल्या छपराचं विचारा: साडेअठ्ठावीस स्क्वेअर (एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट), 2015 साली घातलेलं, पावती फाइलमध्ये. त्या पंचनाम्याच्या दिवशी ह्यूस्टनमध्ये रात्र होती आणि काकूंचा फोन आला.

"माडीवर कौलं किती होती गं? तुझ्या बाबांनी मोजून घातली होती, मला आठवत नाही. भाऊसाहेब खाली उभे आहेत."

मला पडवीतला ओल्या कौलांचा वास आठवला, मागच्या पाखेवरचं काचेचं एक कौल आठवलं, त्यातून जमिनीवर पडणारा उन्हाचा चौकोन आठवला. आकडा आठवेना.

"हजारभर असतील," मी म्हटलं.

"बरं, हजार सांगते," काकू म्हणाल्या.