ललिताबाई आणि ती थप्पड

दर १८ एप्रिलला आणि २४ फेब्रुवारीला, म्हणजे ललिता पवारांच्या जयंतीला आणि पुण्यतिथीला, आमच्या नाशिकच्या झाडून साऱ्या ग्रुपांवर एकच मजकूर फिरतो. थोडक्यात असा: येवल्याच्या गरीब घरातली पोर. नवव्या वर्षी दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये चमकली. पुढे नायिका झाली. मग एका नवख्या नटाने सेटवर कानाखाली वाजवली आणि करिअर संपलं. पोटासाठी खाष्ट सासू व्हावं लागलं, ते जन्मभर. खाली जोडलेले दोन हात आणि एक रडका चेहरा.

यंदा तो माझ्या येवल्याच्या मावशीनेही पाठवला. मावशीला उलटून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे लिहितो.

फाळक्यांचं आधी उरकून घेऊ. नाशिककरांना हा धागा फार आवडतो. फाळके त्र्यंबकेश्वरचे, ललिताबाई येवल्याच्या, दोघंही जिल्ह्यातली, मग एकाच सिनेमात का नसावीत? तर फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा आणि ललिताबाईंचा जन्म १९१६ चा. शिवाय त्या सिनेमात बाई औषधालाही नव्हती, तारामती झाले होते अण्णा साळुंके. ललिताबाई लहानपणी ज्यात दिसल्या तो ‘राजा हरिश्चंद्र’ १९२८ चा, वेगळा. आणि १९१६ पासून १९२८ पर्यंत बोटं मोजली तर बारा भरतात, नऊ नाही.

गरिबीचं तर काहीच्या काही. वडील लक्ष्मणराव सगुण कापडाचे व्यापारी, रेशमी आणि सुती. येवल्यात रेशमाचा व्यापारी म्हणजे काय हे पैठणीच्या गावाला सांगायला नको. मुलीचं नाव अंबा. ललिता हे नंतरचं.

आता ‘बिचारी’चा सूर. मजकूर वाचून वाटतं, ही पोर कुणीतरी बोट धरून सेटवर आणून उभी केली. प्रत्यक्षात १९३१ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, ती ‘दिलेर जिगर’ या मारधाडीच्या मूकपटात होती. त्या काळचे बहुतेक मूकपट जळून, विरघळून गेले. हा वाचला, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. पुढच्याच वर्षी ‘कैलास’च्या निर्मितीत तिचा वाटा होता. १९३८ च्या सुमारास ‘दुनिया क्या है’ काढला, तो टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’वरून. विशीत निर्माती झालेली बाई, तीही टॉलस्टॉय घेऊन! पण हे कुणी पुढे पाठवत नाही. त्यात रडका चेहरा टाकायला जागा नाही.

आणि ती थप्पड. नवखा नट म्हणजे मास्टर भगवान, आपले ‘अलबेला’वाले भगवानदादा. ते नवखे नव्हते. १९३८ मध्येच त्यांनी ‘बहादुर किसान’च्या दिग्दर्शनात हात घातला होता. थप्पड प्रसंगातलीच होती, १९४२ ची गोष्ट. हात नको तेवढ्या जोरात बसला. डाव्या डोळ्याजवळची शीर फुटली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तीन वर्षं उपचार चालले, आणि तो डोळा कायमचा बारीक राहिला. हे खरं आहे. त्यातलं दुःख मी कमी करत नाही.

पण लगेच पुढचं वाक्य येतं, ‘करिअर संपलं’, तिथे माझी अडचण होते. कारण १९४४ मध्ये प्रभातच्या ‘रामशास्त्री’त आनंदीबाई कोण आहे? ललिता पवार. म्हणजे उपचारांची तीन वर्षं पुरी व्हायच्या आत, प्रभातसारख्या कंपनीने, मराठी माणसाच्या डोक्यात ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून पक्की बसलेली बाई त्यांच्या हाती दिली. (आम्हा नाशिककरांना आनंदीबाई काही पुस्तकातली नाही. गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागते, ते नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात. राघोबादादांचा मुक्काम तिथे असायचा. नवश्या गणपतीला जाणाऱ्या गर्दीतल्या किती जणांना हे आठवतं, ते सोडा.)

नायिकेची कामं गेली, हो. पण ती त्या हातानेच नेली का? १९५० च्या ‘दहेज’मध्ये ललिताबाई सासू झाल्या तेव्हा चौतिशीच्या होत्या. १९५२ च्या ‘दाग’मध्ये दिलीपकुमारची आई. दिलीपकुमारचा जन्म डिसेंबर १९२२ चा, म्हणजे आई मुलापेक्षा साडेसहा-पावणेसात वर्षांनी मोठी! आपल्या सिनेमात बाईने तिशी ओलांडली की पडद्यावर तिचे केस पांढरे करायचे, आणि तिच्याच वयाच्या बाप्याने आणखी वीस वर्षं झाडाभोवती फिरायचं, ही रीत होती. त्यासाठी कुणाला थोबाडीत खावी लागत नव्हती. ललिताबाईंचे दोन्ही डोळे धडधाकट असते तरी चाळिशीत त्यांच्या वाट्याला आईच आली असती. फरक इतकाच की ती आई लक्षात राहिली नसती.

कारण त्या डोळ्याचं त्यांनी काय केलं ते बघा. ‘दहेज’सारख्या सिनेमात तो बारीक होतो आणि समोरची सून आक्रसते. तोच डोळा ‘अनाडी’मध्ये. मिसेस डिसा भाड्यावरून राज कपूरला फैलावर घेते, तोंडाचा पट्टा चालू, पण डोळा बारीक झाला की आपल्याला कळतं की हे सगळं वरवरचं आहे, आत पोरासाठी जीव तुटतोय. एकाच व्यंगातून दहशतही काढायची आणि मायाही, हे थपडेने शिकवलेलं नाही. ते बाईंनी स्वतः घडवलं. मजकुराने नेमकं तेच श्रेय काढून एका चुकलेल्या हाताला देऊन टाकलंय.

‘जन्मभर खाष्ट सासू’ हेही टिकत नाही. ‘श्री ४२०’मधली गंगामाई केळी विकते आणि भोळ्या राजशी भावाची उलटी घासाघीस करते. ‘आनंद’मधली मेट्रन रागावता रागावता विरघळते. आणि ‘प्रोफेसर’ आठवतो का? घरातल्या पोरींना धाकात ठेवणारी करडी बाई म्हाताऱ्याचं सोंग घेतलेल्या शम्मी कपूरच्या प्रेमात पडते. शेहेचाळीस वर्षांच्या बाईने इतकं खरं लाजून दाखवावं की आधी हसू येतं आणि मग तिची कीव येते, हे कोणत्या सासूच्या खात्यात टाकायचं? ‘अनाडी’साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं आणि १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. नुसतं पोटासाठी करणाऱ्याला अकादमी बोलावत नाही.

मंथरेचं मात्र कबूल. ‘संपूर्ण रामायण’मध्ये ती त्यांनीच केली होती आणि पंचवीसेक वर्षांनी दूरदर्शनवर पुन्हा त्याच. आम्ही तेव्हा पंचवटीत राहायचो. रविवारी सकाळी वाड्यात एकच टीव्ही, निम्मी आळी त्याच्यासमोर, आणि मंथरा कैकेयीच्या कानाला लागली की म्हाताऱ्या बायका कडाकडा बोटं मोडायच्या. काळाराम मंदिर हाकेवर असताना मंथरेला शिव्या घालणं हा आमचा हक्कच होता. ही आपल्या येवल्याची हे तेव्हा कुणी बोललं नाही.

शेवटी राहवेना, मावशीला फोन केला. फाळके, प्रभात, टॉलस्टॉय, सगळं ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. “असेल रे बाबा,” म्हणाली, “पण ‘अनाडी’त ती औषध पिऊन मेली ना, त्या रात्री मी जेवले नव्हते.”