तारीख नसलेली कामं

चालढकलीवर बोलायला लागलं की गाडी लगेच पहाटे पाचला उठण्यावर, व्यायामावर आणि मोबाईल लांब ठेवण्यावर जाते. पण उशिरा उठल्यामुळे कुणाच्या मुलाबाळांना कोर्टाची पायरी चढावी लागल्याचं ऐकिवात नाही. वडिलांच्या एफडीला नॉमिनी नसतो, सातबारावर आजोबांचंच नाव राहिलेलं असतं, मृत्युपत्र 'यंदा नक्की' म्हणता म्हणता राहून जातं, आणि मग घरंच्या घरं वर्षानुवर्षं हेलपाटे घालत बसतात. म्हणून ही पोस्ट फक्त कपाटातल्या कागदांच्या चालढकलीबद्दल आहे.

घरातली कागदाची कामं सरळ दोन जातींची असतात. एकाला शेवटची तारीख असते, दुसऱ्याला नसते. तारीख असलेली कामं आपण रडतखडत का होईना, करतो. पगारदार माणूस आयकर विवरणपत्र ३१ जुलैच्या आसपास भरतोच. नाही भरलं तर ५,००० रुपये विलंब शुल्क बसतं (उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००), कर बाकी असेल तर महिन्याला १ टक्का व्याज लागतं आणि शेअर्समधला तोटा पुढच्या वर्षांत वळता करून घ्यायची सोय जाते. पॅन-आधार जोडणीचं बघा. ३१ मार्च २०२२ पर्यंत ती फुकट होती, पुढचे तीन महिने ५०० रुपये आणि त्यानंतर १,००० रुपये. सायबर कॅफेत आणि सेतू केंद्रात रांगा लागल्या त्या १,००० रुपये भरण्यासाठी. दंड हा वाईट शिक्षक असला तरी शिक्षक असतोच.

तारीख नसलेल्या कामांना असा कुणी वाली नाही. नॉमिनी नाही म्हणून बँक दंड करत नाही, मृत्युपत्र केलं नाही म्हणून कुणाची नोटीस येत नाही. या चालढकलीची किंमत बहुधा चालढकल करणारा देतच नाही, त्याच्या मागे राहिलेले देतात. ही किंमत किती मोठी आहे हे सरकारी योजनांवरूनच कळतं. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लागावीत म्हणून महाराष्ट्राच्या महसूल खात्याला एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' नावाची मोहीमच राज्यभर काढावी लागली. बँकांमध्ये दहा वर्षं कुणी दावा न केलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात, आणि त्या शोधता याव्यात म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे पोर्टल सुरू झालं. या सगळ्याचा दोष घरातल्या माणसांवर टाकणं अन्यायाचं होईल. भावकीतले वाद असतात, कार्यालयांचा 'उद्या या' असतो. पण बराचसा भाग 'बघू निवांत'चाच आहे.

आता हे 'बघू निवांत' का होतं? आळस म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण तसं असतं तर लग्नाच्या तयारीत दिवसाला चौदा तास पळणारी माणसं नॉमिनीच्या एका फॉर्मसाठी चार-चार वर्षं थांबली नसती. फ्यूशा सिरवा आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं की माणूस काम टाळत नसतो, त्या कामाबरोबर येणारी नकोशी भावना टाळत असतो. काम पुढे ढकललं की त्या क्षणी हलकं वाटतं आणि तीच सवय पक्की होते. आपल्याकडच्या कागदांना हे तंतोतंत लागू पडतं. मृत्युपत्र म्हटलं की मरण डोळ्यांसमोर येतं. वारसनोंद (सातबारावर वारसांची नावं लावणं) म्हटली की बहिणींशी करायचं ते अवघड बोलणं आठवतं. मग श्रावणात नको, पितृपक्षात नको, दिवाळीत तर नकोच, असं करत वर्ष संपतं.

दुसरं कारण जास्त साधं आहे आणि दुरुस्त करायलाही सोपं आहे. आपण यादीत काम चुकीचं लिहितो. 'वारसनोंद करणे' असं वहीत लिहिलं की ते तिथे सडतं, कारण त्यात निदान सात-आठ कामं दडलेली असतात. मृत्यूचा दाखला काढायचा, ताज्या सातबारा आणि आठ-अच्या (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) प्रती घ्यायच्या, सगळ्या वारसांची वंशावळ लिहायची, त्यावर स्वयंघोषणापत्र किंवा प्रतिज्ञापत्र करायचं, वारसांची ओळखपत्रं गोळा करायची, मग तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात कुणी म्हणत नाही) किंवा 'ई-हक्क' या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज द्यायचा. त्यानंतर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतींसाठी पंधरा दिवस असतात, मंडळ अधिकारी फेरफार (सातबारातल्या बदलाची नोंद) प्रमाणित करतो आणि शेवटी सातबारावर नाव चढलं का ते आपण बघायचं असतं. खरं तर वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं, असं कायदा म्हणतो. ती मुदत किती जणांना माहीत असते, हे गावात विचारून बघा.

या साखळीत काम अडतं ते बहुतेक ठरलेल्या जागी. दाखल्यावर 'पांडुरंग' आणि सातबारावर 'पांडु', असा नावातला फरक निघतो. तो निघाला की माणूस घरी येतो, फाईल कपाटात जाते आणि पुढच्या दिवाळीलाच बाहेर निघते. म्हणून पहिल्याच दिवशी दाखला, सातबारा आणि आधार शेजारी-शेजारी ठेवून नावं अक्षरन् अक्षर ताडून बघायची. फरक असेल तर 'एकच व्यक्ती' असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबरच लागेल हे तिथेच कळतं. दुसरी जागा म्हणजे वंशावळीत लग्न झालेल्या मुलींची नावं न लिहिणं. त्या कायदेशीर वारस आहेत. नाव वगळून वाचवलेला वेळ हरकतीत आणि अपिलात दसपट जातो. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर ते वेगळं, नोंदणीकृत हक्कसोडपत्राचं काम आहे. वारसनोंदीत तो मामला घुसडू नये.

म्हणून वहीत कामाचं नाव लिहू नका, पुढची एकच हालचाल लिहा. 'मृत्युपत्र' असं लिहिण्याऐवजी 'बुधवारी रात्री साडेनऊला जेवणाच्या टेबलावर बसून बँक खाती, एफडी, पॉलिसी, घर, सोनं यांची एका पानावर यादी' असं लिहा. वार, वेळ, जागा, हाताने करायची कृती, एवढं तरी त्यात हवं. पीटर गोलविट्झर हे मानसशास्त्रातले संशोधक १९९०च्या दशकापासून हेच सांगत आले आहेत की 'मी हे करीन' यापेक्षा 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक करीन' असं ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता चांगलीच वाढते. एका बैठकीला पंचवीस मिनिटं पुरे. आठवड्यात अशा दोन बैठका. याहून जास्त ठरवलं तर तिसऱ्या आठवड्यात सगळंच बंद पडतं.

वार ठरवताना एक अगदी बारीक गोष्ट बघायची. 'शनिवारी सुट्टी आहे, सगळी कामं उरकू' असं ठरवणारे हमखास फसतात. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. राज्य सरकारची कार्यालयं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत, म्हणजे तहसीलला शनिवारी कुलूप. बंद दारावरून परत आलेला माणूस ते काम पुन्हा हातात घेतोच असं नाही. त्यामुळे बँकेसाठी पहिला किंवा तिसरा शनिवार धरा, आणि महसूल खात्यासाठी सरळ अर्ध्या दिवसाची रजा टाका. 'दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर बघू' हा बेत तर निव्वळ स्वतःची समजूत घालण्यासाठी असतो. त्या आठवड्यात कार्यालयात कोण भेटणार?

आणि लागणारा वेळ दुप्पट धरा. कॅनडात १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात लागले ५५. आपल्याकडे त्यात 'सर्व्हर डाऊन आहे' हेही मिळवा.

मृत्युपत्राची भीती बरीचशी गैरसमजातून आलेली आहे. स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. हाताने लिहिलेलं चालतं, टाईप केलेलं चालतं. नोंदणी सक्तीची नाही. मात्र वाद होण्याची शक्यता असेल किंवा वय बरंच झालं असेल तर ती करून घ्यावी. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि गाडं अडतं ते इथेच. साक्षीदार म्हणून ज्याला मालमत्तेतलं काही मिळणार आहे त्याला घेऊ नये, आणि आपल्याहून वयाने लहान, पत्ता सापडेल असा माणूस घ्यावा. आपल्याच वयाचे दोन मित्र साक्षीला घेतले आणि वेळेला दोघंही हयात नसले तर सही सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. वय सत्तरीपुढे असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलेलं बरं. पहिल्या बैठकीत यादी, दुसऱ्या बैठकीत कुणाला काय ते लिहायचं, तिसऱ्या बैठकीत साक्षीदार घरी बोलवायचे. चहा ठेवायचा आणि सह्या करून घ्यायच्या. 'एकदाच सगळं परिपूर्ण करू' म्हणून थांबणारेच मागे राहतात. मृत्युपत्र पुढे कधीही बदलता येतं. आज केलेलं साधंसुधं मृत्युपत्र पुढच्या वर्षीच्या देखण्या मृत्युपत्रापेक्षा चांगलं.

नॉमिनीचं काम त्यामानाने पोरखेळ आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरला फक्त क्रमाने. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच राहतो. त्यामुळे 'नॉमिनी लावलाय, आता मृत्युपत्र कशाला' हे म्हणणं चूक आहे.

आता मूळ अडचणीकडे. ज्या कामाला तारीखच नाही त्याला ती आणायची कुठून? स्वतः ठरवलेली तारीख थोडीफार उपयोगी पडते. डॅन एरिली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये मुद्रितशोधनाच्या कामावर हे तपासलं होतं. फक्त शेवटी एक तारीख दिलेल्यांपेक्षा स्वतः टप्प्यांच्या तारखा ठरवणाऱ्यांचं काम चांगलं झालं, आणि बाहेरून समान अंतराच्या तारखा ठरवून दिलेल्यांचं सगळ्यांत चांगलं झालं. म्हणजे स्वतःला दिलेला शब्द आपण मोडतो, दुसऱ्याने दिलेली तारीख तेवढी सहज मोडत नाही. म्हणून बिनतारखेचं काम तारखेच्या कामाच्या शेपटीला बांधायचं. फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) साधारण १५ जूनपर्यंत हातात येतो. विवरणपत्रासाठी त्या दिवसांत पासबुकं, एफडीच्या पावत्या, पॉलिसी टेबलावर आलेल्याच असतात. त्याच बैठकीत प्रत्येक कागदावर नॉमिनीचं नाव आहे का ते बघायचं आणि नसेल तिथे पेन्सिलीने फुली मारायची. गाडीचा विमा वेळेत भरावाच लागतो, कारण तो संपून ९० दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. मग त्याच दिवशी आरोग्य विम्यात नव्या सुनेचं किंवा बाळाचं नाव घातलंय का तेही बघून टाकायचं. बिनतारखेच्या कामासाठी वेगळा दिवस शोधत बसायचं नाही.

घरातल्यांनी टोमणे मारून हे होत नाही, हेही सांगायला हवं. 'अजून झालं नाही का तुमचं?' असं रोज विचारल्यावर त्या कामाला आणखी एक नकोशी भावना चिकटते आणि टाळाटाळ वाढते. २०१० मधल्या एका अभ्यासात पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. टोमण्याऐवजी शेजारी बसा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं. ओटीपी ज्याच्या मोबाईलवर येतो तो माणूस त्या वेळी घरात आहे ना, हे आधी बघा. नंबर जुना, बंद पडलेला असेल तर नंबर बदलणं हेच पहिलं काम, बाकीचं त्यानंतर.

शेवटी उरतं ते कामाचं शेवटचं टोक, आणि तिथे शहाणी माणसंही अडखळतात. विवरणपत्र भरलं की संपलं असं वाटतं, पण ते ३० दिवसांत पडताळावं लागतं. आधार ओटीपीने दोन मिनिटांत होतं. ३० दिवस उलटून गेले तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख धरतात आणि विलंब शुल्क बसू शकतं. वारसनोंदीचं काम अर्जाची पोच मिळाल्यावर संपत नाही, नव्या सातबारावर स्वतःचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्यावर संपतं. नॉमिनीचा फॉर्म दिल्यावर बँकेकडून लेखी पोच घ्या. पासबुकावर किंवा एफडीच्या पावतीवर नामनिर्देशन नोंदवल्याचा शेरा छापून द्यायचा असतो. तो दिसला नाही तर पोच घेऊन त्याच काउंटरवर पुन्हा जा.