‘अ‍ॅक्टिव्हेशन म्हणजे हेरगिरी, त्यापेक्षा केएमएस टाका’: या सल्ल्यात खरं किती?

विंडोजबद्दल एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो. त्याचा गाभा असा: अधिकृत अ‍ॅक्टिव्हेशन (परवान्याची पडताळणी) केलं की मायक्रोसॉफ्ट तुमच्या फायली वाचतं, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर टिपून घेतं आणि रोज खबर ठेवतं, त्यापेक्षा केएमएस अ‍ॅक्टिव्हेटर टाका, परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणारा तो प्रोग्राम ऑफलाइन चालतो, अँटिव्हायरसने अडवलं तर अँटिव्हायरस खोटं बोलतो, त्यालाच बंद करा. यातली भीती अगदीच बिनबुडाची नाही. पण सुचवलेला इलाज रोगापेक्षा भयंकर आहे.

‘फायली वाचल्या जातात.’ नाही. विंडोज १० फोनवरून अ‍ॅक्टिव्हेट करताना पडद्यावर इन्स्टॉलेशन आयडी दिसायचा: ७ अंकांचे ९ गट, एकूण ६३ अंक. ते कळवले की पलीकडून ४८ अंकी कन्फर्मेशन आयडी मिळायचा आणि काम व्हायचं. ६३ अंकांत जास्तीत जास्त २०९ बिट, म्हणजे साधारण २६ बाइट मावतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘महाराष्ट्र’ हा शब्द काने आणि हलन्त धरून १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा. परवाना पडताळायला लागणारी माहिती त्या एका शब्दाएवढीही नसते. इंटरनेटवरून अ‍ॅक्टिव्हेट केलं तर आयपी पत्ताही कळतो, हे मात्र खरं.

‘प्रत्येक भागाचा सीरियल नंबर जातो.’ विंडोज एक्सपीच्या वेळी, २००१ मध्ये, बर्लिनच्या फुल्ली लायसन्स्ड कंपनीने हा आयडी उलगडून दाखवला होता. नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळखक्रमांक) हॅश करून, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या सूत्रातून काढून, त्यातले फक्त १० बिट घेतलेले होते, रॅमसाठी तर अवघे ३. दहा बिटांच्या फार तर १०२४ किमती होतात. त्यांवरून मूळ पत्ता शोधता येत नाही.

पण २००१चा निष्कर्ष आज जसाच्या तसा लावणं चूक ठरेल. विंडोज १० पासून डिजिटल परवान्यासाठी यंत्राची हार्डवेअर ओळख कंपनीच्या सर्व्हरवर राहते, आणि परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडला की ते यंत्र तुमच्या नावाशी बांधलं जातं. इथे शंका रास्त आहे. मात्र अ‍ॅक्टिव्हेशनला खातं लागत नाही. विंडोज ११ होम सुरुवातीला खातं मागतं, ती अट सेटअपची आहे, परवान्याची नाही. खातं जोडण्याचा खरा फायदा मदरबोर्ड बदलल्यावर परवाना परत मिळवताना होतो. तो नको असेल तर जोडू नका.

‘रोज खबर जाते.’ हे एकदा खरोखर घडलं होतं. २००६ मध्ये एक्सपीवर आलेलं डब्ल्यूजीए नोटिफिकेशन्स हे परवाना तपासणारं साधन रोज सर्व्हरशी संपर्क साधत होतं. ओरड झाली, अमेरिकेत खटले भरले गेले आणि कंपनीला ते बदलावं लागलं. आज जास्त माहिती जाते ती टेलिमेट्रीतून, म्हणजे संगणकाच्या वापराची जी माहिती विंडोज आपोआप कंपनीला पाठवतं त्यातून. विंडोज १० च्या टेलिमेट्रीवर फ्रान्सच्या सीएनआयएल या माहिती-संरक्षण नियामकाने जुलै २०१६ मध्ये नोटीस काढली, नेदरलँड्सच्या नियामकाने ऑक्टोबर २०१७ मध्ये कायदाभंगाचा ठपका ठेवला. परवाना अस्सल असो की नकली, टेलिमेट्री तशीच चालते. परवाना चुकवणारं साधन (क्रॅक) तिला हातही लावत नाही. ती कमी करायची तर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक’ उघडून ऐच्छिक डेटा बंद करा. काय जातं ते तिथल्याच डायग्नॉस्टिक डेटा व्ह्यूअरमध्ये वाचता येतं.

‘केएमएस ऑफलाइन, म्हणून सुरक्षित.’ सगळ्यात घातक भाग हाच. केएमएस ही मोठ्या संस्थांसाठीची अधिकृत सोय आहे: संस्थेच्या आत एक सर्व्हर, पोर्ट १६८८, किमान २५ संगणक. मुदत १८० दिवसांची, आणि संगणक दर ७ दिवसांनी ती वाढवून घ्यायचा प्रयत्न करतो. अ‍ॅक्टिव्हेटर याच सर्व्हरची नक्कल करतो. नक्कल तुमच्याच यंत्रात असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार घेतलेला अनोळखी प्रोग्राम तिथे कायम मुक्कामाला राहतो. ती बाहेरच्या सर्व्हरवर असेल तर तुमच्या संगणकाचं नाव, त्याचा क्लायंट आयडी आणि आयपी पत्ता ठराविक दिवसांनी कुणा अनोळखी माणसाकडे पोचतो. मायक्रोसॉफ्टला निदान कायद्यापुढे उभं करता येतं.

‘अँटिव्हायरस खोटं बोलतो.’ विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, या साधनांना ‘हॅकटूल’ म्हणतो. निव्वळ त्या शिक्क्यावरून आत चोर आहे असं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण डिफेंडर बंद करून चालवलेल्या फाइलमध्ये दुसरं काय आहे, ते मग सांगणार कोण? डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सायबरसुरक्षा कंपनीने केएमएसपिको या प्रसिद्ध केएमएस साधनाच्या बनावट इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा घातक प्रोग्राम पसरत असल्याचं दाखवलं. तो ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये इक्लेक्टिकआयक्यू या सायबरसुरक्षा कंपनीने युक्रेनमधल्या लोकांवर अशाच अ‍ॅक्टिव्हेटरमधून झालेला हल्ला उघड केला आणि तो रशियाच्या सँडवर्म या हॅकर गटाशी जोडला.

दुकानातून ‘सगळं टाकून’ मिळालेला संगणक असेल तर तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर /डीएलव्ही’ हे इंग्रजी अक्षरांत लिहा. घरच्या यंत्रात ‘रिटेल’ किंवा ‘ओईएम’ दिसायला हवं. ‘व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट’ आणि शेजारी अनोळखी सर्व्हरचं नाव किंवा १२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर नक्कल बसलेली आहे. विंडोज सिक्युरिटीतली ‘एक्स्क्लूजन्स’ची यादीही पाहा, तिथे तुम्ही न घातलेलं फोल्डर असेल तर डिफेंडर तिकडे बघतच नाही.

अशा वेळी नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवा आणि जुनी पार्टिशन्स पुसून नव्याने टाका. फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप आधी घ्या, पण त्यात ‘ईएक्सई’ (प्रोग्रामच्या) फायली नकोत. यंत्र मुळात विंडोजसह विकलेलं असेल, तर विंडोज ८ च्या काळापासून परवान्याची ‘प्रॉडक्ट की’ बहुधा मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. तीच आवृत्ती टाकली की ती आपोआप लागू होते. पासवर्ड त्या स्वच्छ यंत्रावरूनच बदला, आधी ईमेलचा, मग बँकेचा. आणि प्रत्येक खात्यात ‘सगळीकडून साइन आउट’ करा, कारण चोरलेली कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी छोटी फाइल) पासवर्ड बदलल्यावरही चालू राहू शकते.