त्याच सप्टेंबरात रुपयाचं काय झालं?

१९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली आणि पौंड स्वस्त झाल्यावर तिथली मंदी हळूहळू ओसरली, हे तुमच्या त्या मंदीवरच्या लेखात नीट मांडलंय. पण त्याच सप्टेंबरात आपला रुपया १ शिलिंग ६ पेन्सच्या (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगचे १२ पेन्स) दराने पौंडाला बांधूनच ठेवला, हेही यायला हवं होतं. हा दर चढा आहे, म्हणजे बाहेर विकलेल्या मालाचे रुपये कमी मिळतात, १ शिलिंग ४ पेन्स ठेवा, असं मुंबईचे बडे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास १९२६ पासून सांगत होते. कोणी ऐकलं नाही.

त्यात मंदीने शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आलेले. शेतसारा आणि सावकाराचं व्याज मात्र रोखीत, जुन्याच आकड्याने. नवा पैसा न उचलताही कर्ज दुप्पट जड झालं!

मग घराघरातलं सोनं बाहेर पडलं. आमच्या पणजीच्या पाटल्या तेव्हाच गेल्या. मनगटातून निघेनात, शेवटी तेल लावून काढल्या, हे सांगताना आजीचा आवाज बदलायचा. असं किती सोनं मुंबई बंदरातून लंडनला गेलं! याला मी लूटच म्हणेन.

मुंबई प्रांतात शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला १९३९ मध्ये. तोवर पाटल्या आणि ओढ्याकाठचं रान, दोन्ही गेलं होतं.