केकला दूध पाजण्याचा उपद्व्याप

लेकीला वाढदिवसाला ट्रेस लेचेस हवा होता. हल्ली पुण्यातल्या कुठल्याही कॅफेत प्लास्टिकच्या चौकोनी डबीत दुधात बुडालेला केकचा तुकडा मिळतो ना, तोच. डबीची किंमत आईच्या कानावर गेली आणि तेवढ्या पैशांत किती लिटर दूध येतं, ते तिने उभ्या उभ्या सांगितलं. बायको म्हणाली, “घरीच करू की!” आणि ऑफिसला निघून गेली. मी घरी होतो.

आमच्या घरात दूध आईच्या ताब्यात असतं. सकाळी पिशव्या आल्या की ते तापवायचं, निववायचं, साय काढून फ्रिजमधल्या स्टीलच्या डब्यात साठवायची, मग विरजण, ताक, लोणी, तूप. या साखळीत मधेच कुणी हात घातलेला तिला खपत नाही. आणि या केकला तर पाऊण लिटरच्या आसपास दुधाचं मिश्रण पाजायचं असतं. त्यात एक साधं दूध किंवा क्रीम, एक डब्यातलं गोड घट्ट कंडेन्स्ड मिल्क आणि तिसरं इव्हॅपोरेटेड मिल्क, म्हणजे साखर न घालता आटवलेलं.

स्पंजचं त्यामानाने निभावलं. त्यात लोणी घालत नाहीत. पाच अंड्यांचं पांढरं वेगळं फेटून त्यात हवा भरायची, म्हणजे केक जाळीदार होतो आणि एवढं दूध पिऊनही त्याचा लगदा होत नाही. पांढरं नीट फेटलं गेलं की भांडं उलटं केलं तरी खाली पडत नाही म्हणतात. लेकीला तो प्रयोग माझ्या डोक्यावर करून त्याचा व्हिडिओ काढायचा होता. मी तो सिंकवर केला. पडलं नाही. आई लांबूनच म्हणाली, “पडू दे नाहीतर राहू दे, पण अंड्याला भांडं कुठलं घेतलंयस ते आधी सांग.” ओटीजीत 180 अंशांवर अर्ध्या तासात केक छान फुगला. इथवर मी स्वतःवर खूश होतो.

मग दूध आटवायला घेतलं. इव्हॅपोरेटेड मिल्क आमच्या वाण्याकडे नव्हतं. त्याने दूध पावडरचं पाकीट पुढे केलं आणि “पाणी कमी घाला, तेच होतं” असं सांगितलं. या दुधातलं निम्म्याहून जास्त पाणी उडालेलं असतं, म्हणजे घरी करायचं तर लिटरभर दूध मंद आचेवर चारशे मिलिलिटरपर्यंत आणायचं. मे महिना, दुपार, आणि ज्योत हलेल म्हणून पंखा बंद.

दूध आटताना माणसाला बोलायला भरपूर वेळ मिळतो. मी आईला माहिती पुरवायला लागलो. गेल बॉर्डन नावाच्या अमेरिकन माणसाने 1856 साली कंडेन्स्ड मिल्कचं पेटंट घेतलं. तेव्हा फ्रिज नव्हते, दूध नासायचं, म्हणून आटवून, साखर घालून डब्यात भरायची कल्पना निघाली. आई म्हणाली, “नासायचं तर विरजण लावायचं ना!”

मी लॅटिन अमेरिकेत शिरलो. हा केक आमचाच, असं निकाराग्वावाले म्हणतात आणि मेक्सिकोवालेही म्हणतात. तिकडे डब्यातलं दूध घरोघर पोचलं आणि त्या डब्यांबरोबर हा केकही पसरला. पुढे तो अल्बेनिया आणि तुर्कस्तानात गेला. तिथे त्याला त्रिलेचे म्हणतात आणि वर क्रीमऐवजी कॅरॅमल ओततात. अल्बेनियातल्या लोकांनी ब्राझीलच्या टीव्ही मालिका बघून तो उचलला, अशी एक गोष्ट सांगतात. इथे मात्र आईने मान वर केली. “मालिकेत एवढं नीट सांगतात? आमच्यात नुसतं विष कालवतात.”

या गप्पांच्या आड भलतंच चाललेलं होतं. पातेल्यावर साय धरली की आई येता-जाता चमच्याने ती अलगद उचलून आपल्या डब्यात टाकत होती. म्हणजे पाणी हवेत जात होतं, स्निग्धांश फ्रिजमध्ये जात होता आणि ढवळत होतो मी. हे लक्षात येऊन मी आवाज चढवला, तर ती म्हणाली, “साय म्हणजे तूप. ते काय केकात घालणारेस?” मग फोन वाजला म्हणून मी बाहेर गेलो. परत येऊन बघतो तर दुधाला केशरी रंग आणि घरभर वेलदोड्याचा वास. “आटलेलं दूध नुसतंच कसं ठेवायचं? जायफळही लावलंय. चारोळ्या तेवढ्या संपल्यात.”

नवं दूध आणून पुन्हा तास-दीड तास आटवण्याची माझ्यात ताकद नव्हती. तीच बासुंदी कंडेन्स्ड मिल्क आणि साध्या दुधात मिसळली. केकला काट्याने टोचून टोचून भोकं पाडली आणि वरून हळूहळू धार धरली. पहिली पाच मिनिटं केक होडीसारखा तरंगत होता. आई म्हणाली, “अख्खं दूध वाया!” तासाभराने ट्रेमध्ये थेंब उरला नव्हता. ती वाकून ट्रेच्या खालीही बघून आली.

आता हा तेरा बाय नऊ इंचांचा ट्रे रात्रभर फ्रिजमध्ये आडवा ठेवायचा होता. फ्रिजमध्ये इडलीचं पीठ, चिंचेचा कोळ, कालची मटकी, सायीचा डबा आणि शेजाऱ्यांनी कौतुकाने दिलेले फणसाचे गरे होते. दूध शेजारच्या वस्तूचा वास फार आनंदाने घेतं. गऱ्यांना बाहेर काढावं तर या उकाड्यात सकाळपर्यंत ते संपूर्ण सोसायटीला कळवतील. शेवटी ते सगळ्यांनी बसून संपवले. वाढदिवसाच्या आदल्या रात्री आम्ही चौघं फणस खाऊन पोट धरून बसलो होतो.

सकाळी क्रीम. दुकानात सहज मिळणाऱ्या फ्रेश क्रीमच्या खोक्यावर 25 टक्के स्निग्धांश लिहिलेला असतो आणि फेटून उभं राहायला तिशीच्या पुढे लागतो. क्रीम बर्फात बसवून फेटलं, मी घामाघूम झालो, ते तसंच पातळ. बायको म्हणाली, “आईंची साय आहे की, त्यात स्निग्धांशच स्निग्धांश!” आईने डबा दिला, तोही एका शब्दाने न अडवता. त्याच वेळी मला संशय यायला हवा होता. बीटर दोन मिनिटं फिरला असेल नसेल, भांड्यात एकीकडे गोळा आणि एकीकडे पाणी. आई इतकी खूश झाली की विचारू नका. “काय सुरेख लोणी आलंय! हे यंत्र आता माझ्याकडेच राहू दे.”

संध्याकाळी केक कापला. वर क्रीम नव्हतं, हापूसच्या फोडी होत्या. लेकीच्या मैत्रिणी ‘रसमलाई फ्लेवर’ म्हणून फोटो काढत होत्या आणि मी कुणाला दुरुस्त केलं नाही. आईने दोन वाट्या खाल्ल्या. “चांगली झालीये. पण बासुंदीत पाव कशाला घातलास?”

दुसऱ्या दिवशी तिचा नाशिकच्या मावशीला फोन चालला होता. “अगं, मेक्सिकोची आहे. एक लिटर दूध घ्यायचं, मंद आचेवर आटवायचं, साय येईल ती काढत राहायची. केशर, वेलदोडे, जायफळ. मग त्यात ते केकचं काहीतरी घालतात.” पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

“नाही घातलं तरी चालेल,” आई म्हणाली. “उलट बरंच.”