दत्ताच्या पुतण्याचं शेड

वाद पेटला दत्ताच्या पुतण्यावरून. पोरगं बी.एस्सी. ॲग्री झालंय, दोन वर्षं नोकरीसाठी वणवण केली आणि आता म्हणतंय, अक्कलकोट रोडच्या दीड एकरात वराहपालन करतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात भांडवली खर्चाला 50 टक्के अनुदान मिळतं, कागद गोळा झालेत. सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर दत्तानं हे सांगितलं आणि मल्लूनं चहाचा कप खालीच ठेवला.

"शिकून-सवरून डुकरं? काय बोलालास बे!"

"तेलुगूत पंदी, कन्नडमध्ये हंदी," श्रीनिवास म्हणाला. "शब्द शेजारी नांदतात, मग जनावर नांदलं तर काय होतंय?"

मल्लूचं म्हणणं साधं होतं. गाय, शेळी माणसानं कष्टानं माणसाळवली. डुक्कर फुकटचं खायला उकिरड्यावर आलं, ते गटारातलंच.

मला गप्प बसवेना. मल्लूचं निम्मं बरोबर आहे, आणि तेच निम्मं महत्त्वाचं आहे. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, तैग्रिस नदीच्या वरच्या खोऱ्यात चायोन्यू नावाची जुनी वस्ती सापडली आहे, सुमारे 10 हजार वर्षांपूर्वीची. तिथं एकावर एक साचलेल्या थरांमधून डुकरांच्या दाढा मिळाल्या. जसजसं वरच्या थरात यावं तसतशी दाढ आखूड होत जाते, कारण मुस्कट आखूड होत गेलं. म्हणजे एका सकाळी कुणी रानडुक्कर बांधून आणलं नाही. माणसाचं उष्टं खायला ते येत राहिलं, जे कमी बुजरं ते टिकलं, आणि शेकडो पिढ्यांनी ते घरचं झालं. चीनमध्ये ह्वांग हो आणि ह्वाइ नद्यांच्या मुलखात हेच सुमारे 8 हजार वर्षांपूर्वी स्वतंत्रपणे घडलं. चिनी लिपीत 'घर' लिहायचं चिन्ह काय आहे? वर छप्पर, खाली डुक्कर.

"आणि इंग्लंडात," मी म्हणालो, "1086 साली राजानं महसुली पाहणी केली, तर कित्येक गावांत जंगल मोजलं ते डुकरांवर. या रानात इतकी डुकरं चरतील, एवढीच नोंद. ओकची फळं खाऊन वाढायची ती. जनावर रानात ठेवलं तर रानातलं खातं, गटारात ठेवलं तर गटारातलं. गटार कुणाचं?"

रफिक इतका वेळ ऐकत होता. मध्यपूर्वेत डुकराच्या मांसाला जी मनाई आहे तिचं कारण काही अभ्यासक तिथल्या कोरड्या हवेत शोधतात, असं मी म्हणालो. डुकराला गवतावर जगता येत नाही, घाम फारसा येत नाही म्हणून सावली आणि चिखल लागतो, दूध नाही, लोकर नाही. रफिकनं हात वर केला. "आम्ही पाळतो ते हुकूम आहे म्हणून. पाऊस मोजून नाही पाळत. पण ते माझ्या ताटापुरतं. दत्ताच्या पुतण्यानं काय करावं हे मी कशाला सांगू?" मला त्याचं पटलं. श्रद्धेला हवामानाचा दाखला जोडायची घाई मीच केली होती.

मल्लू मात्र हटेना. "माझ्या अक्काला फिट आली तेव्हा डॉक्टर काय म्हणाले? मेंदूत जंताची गाठ. डुकराचा जंत! आमच्या घरात अंडं शिजत नाही, तरी."

त्या रात्री दवाखान्यात आम्ही सगळे होतो. अक्का बेशुद्ध, आणि मल्लूची आई प्रत्येकाला एकच विचारत होती, आमच्या घरात हे आलं कुठून? म्हणून हे नीट सांगायला हवं. तो पट्टकृमी पूर्ण वाढतो तो माणसाच्या आतड्यात. अंडी बाहेर पडतात माणसाच्या शौचातून. उघड्यावरची घाण खाणाऱ्या डुकराच्या मांसात त्याच्या गाठी होतात आणि ते मांस कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या पोटात जंत होतो. पण मेंदूतली गाठ जंताची अंडी पोटात गेल्यानं होते. न धुतलेले हात, मैलापाण्यावरची भाजी, दूषित पाणी. म्हणून शाकाहारी माणसालाही ती होते. अक्काच्या डोक्यात जे गेलं ते कुणातरी माणसाच्या पोटातून आलं होतं. शेडमध्ये बांधून, स्वच्छ खाद्य घालून वाढवलेल्या डुकरापाशी हे चक्र तुटतं.

मल्लू थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तरी बी. वराह अवतार ठाऊक हाय मला. पण पाळायचं म्हणजे..."

"अवतारच कशाला," श्रीनिवास म्हणाला, "चालुक्यांच्या मुद्रेवर वराह होता. हा आपला मुलूख त्यांचाच."

तेव्हा दत्ता बोलला. आवाज न चढवता.

"माझी आजी सेटलमेंटात जन्मली, तारेच्या आत. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा, जन्मल्याबरोबर गुन्हेगार. 1952 ला सुटली. त्यानंतर तिनं डुकरं पाळली. खानावळीचं खरकटं डोक्यावर आणायची, उकळून घालायची. राठ केस ब्रशासाठी विकायची. एक मादी साडेतीन-पावणेचार महिन्यांत आठ-दहा पिल्लं देते, त्यातली दोन विकून माझ्या बापाची फी भरली. त्याच गल्लीत तिला पाणी वरून ओतायचे. दगडातल्या वराहाला हात जोडणारेच ओतायचे."

कुणी काही म्हटलं नाही. चहावाल्याच्या पोरानं कप उचलले. मला एवढंच वाटत होतं, की उकळून घालायचं हे त्या बाईला कुणी शिकवलं नव्हतं आणि आज तेच पशुवैद्य सांगतात. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग 2018 मध्ये चीनमध्ये शिरला आणि जगाचं जवळजवळ निम्मं पोर्क पिकवणारा देश हादरला. 2020 मध्ये तो आसाम-अरुणाचलात आला. हॉटेलचं न उकळलेलं खरकटं हा त्याच्या प्रसाराचा एक मोठा रस्ता.

एवढ्यात पुतण्या मोटरसायकलवर आला. पिशवीतून शेडचा नकाशा काढून कट्ट्यावर पसरला. मल्लूनं चष्मा लावला, बोट ठेवून पाहू लागला. "मेमध्ये त्रेचाळीस डिग्री होतंय हिथं. घाम न येणारं जनावर. पाणी कुठनं आणणार?"

"बोअर आहे, काका. वर पाण्याचं धुकं मारणारे फॉगर लावणार."

"आणि धुतल्यालं पाणी? ते कुठं जाणार? खाली माझ्या मेव्हण्याचं रान हाय."

पोरानं नकाशा उलटा केला, पाठीमागे पेन्सिलनं खड्डा काढू लागला, आणि मल्लू त्याच्याकडे सरकून बसला.