दहा मिलिमीटर, पण कशापासून?

आसनावरच्या शिवणीचा दोरा कोणत्या रंगाचा हवा हे ठरवता यावे म्हणून स्पोर्ट्स कारच्या कंपन्या ग्राहकापुढे सर्व बाजूंनी फिरवून पाहता येणारे चित्र, उन्हातला रंग, सावलीतला रंग असा सगळा सरंजाम मांडतात. तीच गाडी जमिनीपासून किती उंचावर उभी राहणार, या प्रश्नावर मात्र त्यांच्या पत्रकात एकच ओळ असते: स्पोर्ट सस्पेन्शन, उंची १० मिलिमीटरने कमी. दोरा मनासारखा नसला तर काही अडत नाही; उंची चुकली तर पुढचा बंपर रोज घासतो, आणि गाडी कारखान्यातून निघाल्यावर हा निर्णय फिरवायचा म्हणजे सस्पेन्शन, अर्थात चाकांवर गाडी तोलणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांची उसळी शमवणारे डँपर, सगळे उतरवून बदलायचे. इतक्या महाग आणि इतक्या पक्क्या निर्णयासाठी एका ओळीची माहिती पुरेशी आहे असे ज्या कोणाला वाटते, त्याला ती गाडी घेऊन तळघरातल्या वाहनतळाचा उतार चढायला लावले पाहिजे.

मुळात हे १० मिलिमीटर कशापेक्षा कमी? पोर्शेच्या ७१८ मालिकेत पीएएसएम, म्हणजे आपला कडकपणा चालताना बदलणारे डँपर, घेतले की गाडी साध्या सस्पेन्शनपेक्षा १० मिलिमीटर खाली येत असे आणि त्यातलाच स्पोर्ट प्रकार घेतला की २० मिलिमीटर. ९११ च्या ९९२ या पिढीत पीएएसएम मूळचेच आहे आणि तिथला स्पोर्ट प्रकार त्याहून १० मिलिमीटर खाली असतो. नाव तेच, आकडे वेगळे, आणि ज्यापासून मोजायचे तेही वेगळे. इथे निदान हे शोधून काढता तरी येते. इतर अनेक पत्रकांत ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीखाली जमिनीपर्यंत उरणाऱ्या जागेचा, एक आकडा छापून विषय मिटवलेला असतो, पण तो पुढच्या बंपरच्या ओठाखाली, म्हणजे त्याच्या खालच्या कडेखाली, मोजला की दोन्ही आसांमधल्या तळाखाली, याचा पत्ता लागत नाही. घासतो तो ओठ. मला तळाची उंची सांगून काय उपयोग?

शिवाय मोजताना गाडीत कोणी बसले होते की नव्हते, हेही ग्राहकानेच ताडायचे. प्रत्येक चाकापाशी सस्पेन्शनचा कडकपणा मिलिमीटरला ३५ न्यूटन धरला, तर चारही चाकांवर मिळून गाडी एक मिलिमीटर दबायला सुमारे १४ किलो वजन पुरते. दोन माणसे आणि थोडे सामान असे १५० किलो चढले की गाडी सरासरी १० मिलिमीटरहून किंचित जास्तच खाली बसते. म्हणजे दोघांना घेऊन निघालेली साधी गाडी आणि दालनात दिव्यांखाली रिकामी उभी असलेली स्पोर्ट गाडी यांची उंची जवळपास सारखी! त्यात टायरची भर आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते आणि अनेक देशांत ती १.६ मिलिमीटर उरेपर्यंत टायर वापरण्याची कायद्याने मुभा आहे. तिथवर टायर झिजेपर्यंत गाडी सहा मिलिमीटरच्या आसपास आपोआप खाली आलेली असते. ज्या फरकासाठी माझ्याकडून वेगळे पैसे मागितले जातात, त्यातला निम्म्याहून अधिक फरक टायर झिजून फुकट मिळतो, आणि तो नेमका नको त्या दिशेने मिळतो.

पुढचा ओठ टायर जिथे टेकतो त्या बिंदूच्या ९०० मिलिमीटर पुढे आणि जमिनीपासून १२० मिलिमीटर वर असेल, तर ती गाडी साडेसात अंशांचा चढ कसाबसा गाठू शकते. उंची १० मिलिमीटरने कमी केली की तोच कोन सात अंशांवर येतो. अर्धा अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण ज्या उतारावर साधी गाडी केसभर अंतराने सुटते, तिथे खालची गाडी घासते, आणि ती घासली की नाही याखेरीज मला दुसरे काहीही जाणून घ्यायचे नसते. हा कोन काढायला शालेय त्रिकोणमिती पुरते. तरीही तो पत्रकात नसतो.

आता या सगळ्याच्या बदल्यात मिळते काय, तेही पाहू. १,५०० किलोची गाडी, ४६० मिलिमीटरवर गुरुत्वमध्य आणि डाव्या-उजव्या चाकांत १,५५० मिलिमीटर अंतर, असे धरले तर एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या, जोराच्या वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ४४५ किलो भार सरकतो. गुरुत्वमध्य १० मिलिमीटर खाली आणला की तो ४३५ किलो होतो. दोन टक्के! शर्यतीत दोन टक्क्यांना मोल असते, हे मला मान्य आहे. पण रोजच्या रस्त्यावर टायरमधली हवा थोडी कमीजास्त झाली तरी चालकाला यापेक्षा मोठा फरक जाणवतो. चाकाची कमान आणि टायर यांतली फट कमी झाल्यामुळे गाडी देखणी दिसते, हे खरे कारण उघडपणे सांगायला कोणाची हरकत आहे? दिसण्यासाठी पैसे मोजण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. दोन टक्क्यांना शर्यतीच्या मैदानाचा साज चढवून विकतात, त्याची मात्र मला चीड येते.

माझ्या संतापाचे मूळ खरे तर उंचीहूनही त्या उंचीला बांधून दिलेल्या बाकीच्या गोष्टींत आहे. गाडी खाली आणली की चाकाला वर जायला जागा कमी उरते, म्हणून स्प्रिंग कडक करावी लागते, नाहीतर खड्ड्यात सस्पेन्शन थेट रबरी अडणीवर आदळते. हे तांत्रिक कारण बिनतोड आहे. पण त्याचा व्यत्यास खरा नाही. साधी उंची ठेवून थोडी कडक स्प्रिंग आणि चांगले डँपर देता येतात, त्यात भौतिकशास्त्र कुठेही आडवे येत नाही. मला नेमके तेच हवे आहे: वळणावर आटोपशीर राहणारी आणि गतिरोधकावर न घासणारी गाडी. हा पर्याय यादीत नाही. उंच हवी तर मऊ घ्या, कडक हवी तर खाली घ्या, ही जोडी कोणी लावली आणि ग्राहकाला विचारून लावली का?

यावर विक्री प्रतिनिधी एक ठरलेले उत्तर देतो: मग पुढचा आस उचलणारी यंत्रणा घ्या. यंत्रणा चांगली आहे, नाही म्हणत नाही. कॉर्व्हेट सी८ या स्पोर्ट्स कारमध्ये ती गाडीचे नाक तीन सेकंदांच्या आत सुमारे ४० मिलिमीटर उचलते आणि जीपीएसच्या आधारे १,००० पर्यंत ठिकाणे लक्षात ठेवते. पण ती ताशी ३९ किलोमीटरच्या आसपासच्या वेगापर्यंतच काम करते, केवळ पुढची बाजू उचलते, आणि उंचवट्यावर गाडीचे पोट टेकते तेव्हा नाक वर असूनही पोटाला पुरेशी जागा मिळत नाही. म्हणजे आधी गाडी खाली आणायचे पैसे द्यायचे आणि मग ती वर उचलायचे पैसे द्यायचे. वाढीव उंची देणे कंपन्यांना जमत नाही असेही नाही. पोर्शेने २०२२ साली ९११ डाकार आणली, ती स्पोर्ट सस्पेन्शनवरच्या ९११ कॅरेरापेक्षा ५० मिलिमीटर उंच आहे आणि त्यावर आणखी ३० मिलिमीटर उचलता येते. काढल्या किती? २,५०० गाड्या. उंचीसुद्धा दुर्मीळ वस्तू म्हणून विकायची, ही कल्पना सुचलेल्या माणसाला दंडवत.

नंतर बाहेरून स्प्रिंगा बदलून घ्या, हा फुकटचा सल्ला देणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. कारखान्याने उंचीसोबत चाकांचे कोन, डँपरांची मांडणी आणि दिव्यांचा झोत जुळवलेला असतो. बाहेर केवळ स्प्रिंग बदलली जाते, आणि वॉरंटीचा वाद ग्राहकाच्या गळ्यात पडतो.

चालवून पाहावे म्हटले, तर दालनात चाचणीसाठी स्पोर्ट सस्पेन्शनचीच गाडी असते, कारण फोटोत तीच उठून दिसते. साधी गाडी पाहायची असेल तर आधी मागणी नोंदवा, असे सांगितले जाते. मी फक्त एक तक्ता मागितला आहे: दोन्ही सस्पेन्शनांसाठी पुढच्या ओठाची जमिनीपासूनची उंची, रिकाम्या गाडीत आणि दोन माणसे बसल्यावर. तो लेखी हातात पडल्याशिवाय बयाणा देणार नाही, असे मी विक्री प्रतिनिधीला कळवले. त्यावर त्याने स्पोर्ट सस्पेन्शनवर सवलत देऊ केली.